साडेचार इंचांवरचं घड्याळ

ताडकळसच्या बाजारात माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस मला दाखवा. फुटके हंडे, गंजलेले फाळ, मेलेले रेडिओ, जे येईल ते मी तराजूत टाकण्याआधी डोळ्यानं तोलतो. समोरच्याचं तोंड बघून आकडा सांगतो, आणि तो आकडा कुठवर तुटणार हे मला आधीच माहीत असतं. फक्त एका माणसापुढं माझं कधी काही चाललं नाही. तो जिंकला असंही म्हणता येत नाही, कारण तो खेळायलाच उतरायचा नाही. आजही त्याची आठवण आली की मला आधी राग येतो, मग हसू येतं, आणि मग हसू आल्याचा राग येतो.

त्याला सगळे मेजर म्हणत. आमच्याकडं फौजेतून पेन्शनीवर आलेला कुणीही मेजरच असतो, पण हा दर वेळी थांबून दुरुस्ती करायचा. मेजर नाही, नाईक, सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला. चहाच्या हॉटेलात कुणी 'या मेजर' म्हटलं की दुरुस्ती होईपर्यंत त्याचा चहा निवायचा. दोन लढायांत त्यानं जमिनीतले सुरुंग काढले होते आणि हातापायाची वीसही बोटं घेऊन घरी आला होता. त्याच्या तुकडीत ही मोठीच गोष्ट समजत, असं तो सांगायचा.

माझी त्याची ओळख झाली ती तो मेलेले रेडिओ घ्यायला दुकानात आला तेव्हा. मी वीस रुपये सांगितले आणि मनात बारावर यायची तयारी ठेवली. त्यानं वीस ठेवले आणि रेडिओ उचलून गेला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हूं की चूं न करता वीस देतो म्हणजे तीस सांगायला पाहिजे होते. पुढच्या खेपेला तसल्याच रेडिओचे तीस सांगितले. त्यानं तो उलटापालटा करून खाली ठेवला, "ह्याचे पंधरा" म्हणाला आणि चालायला लागला. मी पंचवीस, बावीस, वीस करत त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो. त्यानं वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा रुपये आणून ठेवले आणि रेडिओ घेऊन गेला. अशा माणसाशी धंदा कसा करायचा?

त्या दोन रेडिओंतून त्यानं यंत्र केलं. एका वेळूच्या टोकाला पाटाएवढी लाकडी चकती, तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, खांद्याला झोळीत बॅटरी, आणि छातीवर बांधलेला एका रेडिओचा कर्णा. चकती जमिनीवरून फिरवली की कर्ण्यातून बारीक गुणगुण यायची, आणि खाली लोखंड, चांदी, पितळ काही असलं की ती गुणगुण फुगून भुकेल्या रेडकासारखी ओरडायची. म्हणून सगळे त्या यंत्राला मेजरचं रेडकू म्हणत. त्यानं त्याचीही दुरुस्ती करून बघितली, पण ते नाव काही सुटलं नाही.

जमिनीत तो काय शोधायचा? घड्याळं. निजामाच्या काळातली, साखळीची, कोटाच्या खिशात ठेवायची. फौजेत असताना एका इंग्रजी अमदानीतल्या घड्याळवाल्याकडं तो सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचा, तिथून हे वेड लागलेलं. पण शोधायची रीत सगळी सुरुंगाची. रेडकू ओरडलं की तो आधी आम्हाला तीस पावलं मागं काढायचा. मग पालथा झोपायचा. सायकलचा आरा तिरका धरून माती अशी टोचायचा की खाली झोपलेलं कुणी जागं होऊ नये. कपाळावर घाम, जिभेचं टोक बाहेर. अर्ध्या तासानं बैलाच्या पायाची नाल निघायची. ती तो दोन्ही हातांवर घेऊन उभा राहायचा आणि आम्हाला पुढं यायची परवानगी द्यायचा. मी एकदा म्हटलं, मेजर, ताडकळसच्या शिवारात सुरुंग कुणी पेरला असंल? तर म्हणाला, "पेरला न्हाई म्हणणारे सगळे माझ्या आधी गेले."

घड्याळ कुठं सापडतं याचा मात्र त्याचा एक पक्का सिद्धांत होता, आणि तो ऐकून मी पहिल्यांदा या माणसाला वेडा म्हणायचं थांबलो. खिशातलं घड्याळ चालताना पडत नाही, घोड्यावर पडत नाही, झोपतानाही पडत नाही, कारण झोपताना माणूस ते काढून ठेवतो. ते पडतं माणूस उकिडवा बसतो तेव्हा. आणि निजामाच्या काळातला कोटवाला मोठा माणूस दिवसातून एकदाच उकिडवा बसायचा, सकाळी, तांब्या घेऊन. तेव्हा शोधायचं ते जुन्या गावांच्या कडेला, ओढ्याच्या काठी, दगडाच्या किंवा जाळीच्या आड, जिथं आब राहून बसता येईल अशा जागी. "गरिबाचं काय हाय," तो म्हणायचा, "तो कुठंबी बसतो आन् त्याला घड्याळबी न्हाई."

राणीसावरगावच्या माळावर निजामाच्या अंमलदारांचे तंबू पडायचे, तिथं एका जाळीच्या मागं त्याला पहिलं घड्याळ मिळालं. चांदीचं, झाकणाचं, साखळीसकट. मी तेव्हा त्याच्यामागं तीस पावलांवर उभा होतो आणि मनात भाव चालू झाला होता. घड्याळ नव्हतंच ते, काळ्या मातीचा गोळा होता. त्यानं तो रॉकेलच्या डब्यात घातला आणि खिडकीत ठेवून दिला. लोणच्यासारखा सव्वा महिना मुरवला. मग झाकण उघडून आतलं एकेक चाक काढून पेट्रोलनं धुतलं. पोलादाचं जे होतं ते सगळं गंजून गेलेलं, पितळेचं तेवढं शाबूत. गंजलेले भाग दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतून काढून, घासून, कमी करून बसवायचे. छत्रीच्या काडीला धार लावून त्यानं पेचकस केले होते. डोळ्याला काच लावून बसला की तो माणसांशी बोलायचा नाही, चाकांशी बोलायचा, आणि तेही हिंदीत, हुकूम दिल्यासारखा.

त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची, आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास येतो, चुलीत काडी टाकायचं भ्याव वाटतं. एकदा त्यानं जेवणाच्या ताटात मांडून ठेवलेला एक स्क्रू हरवला. तिळाएवढा. त्याच दिवशी त्याचे सासरचे आलेले आणि तुरीचं वरण झालेलं. त्यानं आधी वरणाच्या मातीच्या गाडग्यावरून रेडकू फिरवलं. ते गप्प. मग सगळ्या पाहुण्यांना भिंतीला ओळीनं उभं केलं आणि एकेकाच्या पोटावरून फिरवलं. मेव्हण्यापाशी रेडकू ओरडलं. मेव्हणा घामाघूम, सासू रडायला लागली. कमरेला चुन्याची डबी होती ती. स्क्रू दुसऱ्या दिवशी मेजरच्याच मिशीत सापडला, पण मेव्हणा पुन्हा त्या घरी जेवला नाही.

घड्याळ चालू झालं तेव्हा मी भाव सांगितला. हैदराबादचा एक जुन्या वस्तू घेणारा माझ्याकडं यायचा, तो अशा घड्याळाला किती देईल हे मला ठाऊक होतं, आणि माझं काढून मेजरला बरंच उरत होतं. मेजर म्हणाला, ते विकायचं नाही, परत करायचं आहे. कुणाला? ज्याचं आहे त्याला. झाकणाच्या आत नाव कोरलेलं होतं. त्या नावाचा गिरदावर, निजामाचा महसुली अंमलदार, कधीचा वारला होता. मेजरनं पदरचं भाडं घालून, तीन एस्ट्या बदलून त्याचा नातू शोधला. त्या घरात आधी सगळ्यांना वाटलं हा काहीतरी मागायला आलाय. मग वाटलं हा आपल्या आज्याच्या कुठल्यातरी भानगडीचा कागद घेऊन आलाय. घड्याळ ठेवून तो उठायला लागला तेव्हा त्यांना खरं वाटलं, आणि त्यांनी त्याला दोन दिवस जेवायला ठेवून घेतलं. परत आल्यावर मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, सापडलेल्या वस्तूचा भाव नसतो, फक्त पत्ता असतो.

ही वर्षं नामांतराच्या आंदोलनाची होती. आमच्या बौद्ध वस्तीतून मोर्चे निघत होते, खेड्याखेड्यांत माणसं एकमेकांकडं बघून चालत होती, आणि चार अनोळखी माणसं शिवारात दिसली तरी फौजदाराची जीप यायची. मेजर शोधलेल्या पट्ट्यावर खुणेच्या छोट्या झेंड्या रोवायचा. आधी लाल होत्या. एका गावानं विचारलं, हे कुठल्या पक्षाचं चाललंय? त्यानं निळ्या केल्या, दुसऱ्या गावानं जीप बोलावली. भगव्या लावल्या तर माझ्याच वस्तीतली पोरं मला विचारायला आली. हिरव्या तर त्यानं फक्त दाखवल्या, मीच त्या खिशात घालायला लावल्या. रंग उरला नाही. शेवटी त्यानं बायकोचं जुनं फुलाफुलाचं लुगडं फाडून झेंड्या केल्या. फौजदार आला, त्यानं एक झेंडी उपटून बराच वेळ निरखली आणि विचारलं, हा झेंडा कुणाचा? मेजर ताठ उभा राहून म्हणाला, "मंडळीचा." फौजदारानं तेवढं डायरीत लिहून घेतलं. ती 'मंडळी' कोण याचा तपास पुढं दोन महिने चालू होता, असं ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, मी या माणसाच्या मागं उन्हात का हिंडत होतो. त्याला कारण होतं, आणि ते घड्याळच होतं.

पालमकडच्या एका गावात माझे वडील येसकर होते, वेशीची राखण आणि पाटलांची वेठ त्यांच्याकडं. गावाचं नाव मी सांगत नाही, त्या गावाला तेवढाही मान द्यायची माझी इच्छा नाही. निजामाच्या शेवटच्या वर्षांत गावच्या थोरल्या पाटलांना एका तालुकदारानं साखळीचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. पाटील घोड्यावर निघाले की वडील घोड्याच्या पुढं पळायचे, पाटील उतरले की घोडा धरून उभे राहायचे. एके दिवशी पाटलांच्या खिशात घड्याळ नव्हतं. वडिलांना चावडीपुढं बांधून मारलं. मी सात वर्षांचा होतो, आईच्या लुगड्याआडून बघत होतो. घड्याळ निघालं नाही, आम्ही मात्र गावातून निघालो. ताडकळसला आलो तरी ते नाव मागोमाग आलं, घड्याळचोर. मी भंगाराची पहिली गोणी पाठीवर घेतली तेव्हाही लोक म्हणाले, ह्याच्या बापानं घड्याळ नेलं होतं, वजन नीट बघा. आमच्या घरात पुढं पैसा आला, पंखा आला, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आला, पण घड्याळ आलं नाही. तो शब्दच कुणी काढायचं नाही. वडील वेळ सावलीवरून सांगत आणि मी सगळीकडं उशिरा पोचत असे.

मेजरचा सिद्धांत ऐकला त्या दिवशी माझ्या डोक्यात वीज चमकली. थोरल्या पाटलांनाही तांब्या लागतच असणार.

मेजरला मी सगळं सांगितलं. वडिलांना काही सांगितलं नाही. थोरले पाटील कधीच गेले होते, आता त्यांचा मुलगा, धाकटे पाटील, कारभार बघत होता. त्याला मी खरं कारण न सांगता गुप्तधनाचं सांगितलं, आणि सापडेल त्या सोन्यात निम्मा वाटा ठरवून गायरान आणि ओढ्याकाठ शोधायची परवानगी घेतली. तो सौदा मी झकास केला होता, नसलेल्या सोन्यात मी साठ टक्क्यांवरून पन्नासावर आलो, म्हणून त्याला संशय आला नाही. आता फक्त आडोशाचे दगड बघायचे, दोन दिवसांचं काम. पण मेजरनं गायरानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पहिली फुलांची झेंडी रोवली आणि एक पाऊल रुंदीचा पट्टा आखला. मी म्हटलं, मेजर, तुमचाच सिद्धांत हाय की, दगडामागं बघा. तो म्हणाला, "सुरुंगाला सिद्धांत वाचता येत न्हाई. पट्टा सोडायचा न्हाई."

तीन उन्हाळे. सुगी झाल्यापासून पेरणीपर्यंत, आठवड्यातून दोन दिवस. बैलांच्या नाली, विळे, घुंगरं, एक तोफगोळा म्हणून बाजूला काढलेला उखळीचा तळ. धाकटे पाटील पहिल्या उन्हाळ्यात रोज खुर्ची टाकून बसले, दुसऱ्यात अधूनमधून आले, तिसऱ्यात आलेच नाहीत. आणि तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी ओढ्याच्या काठावर, हत्तीच्या पाठीसारख्या एका दगडामागं, रेडकू ओरडलं. मेजर पालथा झाला. मी तीस पावलं मागं उभा राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा न सांगता. मातीचा गोळा निघाला आणि त्यातून साखळीची तीन कडी लोंबत होती.

आत उर्दूत कोरलेलं नाव गंगाखेडच्या एका म्हाताऱ्या मौलवींनी वाचून दाखवलं. थोरल्या पाटलांचंच.

माझा बेत तयार होता. घड्याळ माझ्या ताब्यात घ्यायचं. धाकट्या पाटलानं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळ्यांपुढं म्हणायचं की आमच्या बापानं तुझ्या बापावर खोटा आळ घेतला. म्हटलं की घड्याळ द्यायचं. मेजर म्हणाला, नाही. मेलेलं घड्याळ परत करत नाहीत, आधी ते चालू करणार. मी म्हटलं, करा. आठ महिने लागले. दर बाजारच्या दिवशी मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचो, चालू झालं की घड्याळ मला द्या म्हणून. पैसे सांगून बघितले. त्याला हवं असलेलं एक स्विस यंत्र हैदराबादहून मागवून पुढं ठेवलं, त्यानं ते हात न लावता परत सरकवलं. शिव्या दिल्या. एकदा डोळ्यांत पाणी आणून बघितलं, ते खरंच आलं, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तो डोळ्याची काच काढून म्हणाला, "तुमी त्या घड्याळानं काहीतरी इकत घ्यायला निघालाव. घड्याळ तुमचं न्हाई, माझंबी न्हाई. दुसऱ्याच्या मालावर सौदा करायचा न्हाई."

"माझ्या बापाचं तोंड काळं केलं त्या मालानं."

"म्हणूनच म्हणतो. अगोदर जाऊ द्या ते घरी."

तो मला न विचारता गेला. बाजारातल्या एका बैलवाल्यानं सांगितलं तेव्हा मी जीप भाड्यानं करून मागोमाग गेलो. पोचलो तर मेजर ओट्यावर ताठ उभा होता, घड्याळ धाकट्या पाटलांच्या हातात टिकटिकत होतं, शंभरेक माणसं जमलेली, आणि मेजर वही उघडून अहवाल वाचत होता. फौजेत प्रत्येक सुरुंगाचा अहवाल लिहावा लागे, तशी त्याची प्रत्येक घड्याळाची वही होती. ठिकाण, ओढ्याच्या उत्तर काठावरील मोठा दगड, दगडाची मागील बाजू. खोली, साडेचार इंच. स्थिती, झाकण बंद, तोंड जमिनीकडे. बंद पडल्याची वेळ, सव्वा सात. धाकटे पाटील मान डोलावत होते. मग मेजरनं पान उलटलं आणि त्याच आवाजात वाचलं, "संभाव्य कारण. मालक शौचास बसले असता, पुढे झुकल्यामुळे, कोटाच्या डाव्या खिशातून निसटणे."

 मग मागून एक म्हातारी हसली. ती हसली आणि सगळा ओटा हसला, पोरं दगडाच्या दिशेनं पळाली, आणि धाकट्या पाटलांनी घड्याळ खिशात घातलं, मग बाहेर काढलं, मग कुठं ठेवावं ते न कळून हातातच धरून राहिले. मेजरला लोक का हसतायत ते कळलं नाही. त्यानं वही मिटली, सलाम केला आणि एस्टीच्या थांब्याकडं निघाला.

माझ्या वडिलांचं नाव कुणी घेतलं नाही. शंभर माणसं हसली, एकानंही म्हटलं नाही की मग येसकरानं चोरलं नव्हतं. मी परतीच्या वाटेवर जीप थांबवली, मेजरला चढू दिलं नाही, आणि रस्त्यात उभं राहून सांगितलं की तू माझ्या बापाला दुसऱ्यांदा लुटलंस. तो म्हणाला, एस्टी येईलच आता. पुढं सहा महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

मग एका बाजारच्या दिवशी धाकटे पाटील माझ्या दुकानात आले. आजवर त्या घरातलं कुणी मला अरेतुरेशिवाय बोललं नव्हतं. आत येऊन म्हणाले, "शेठ, बसू का?" मी समजलो, गिऱ्हाईक अडलेलं आहे.

घड्याळ त्यांनी गल्ल्यावर ठेवलं. ते त्यांना नको होतं. गावात कुणीही भेटला की विचारायचा, पाटील, किती वाजले? सोयऱ्याच्या लग्नात विचारलं. पंचायतीच्या सभेत विचारलं. जावयानं विचारलं. ते म्हणाले, हे फुकट ठेवून घ्या आणि तुमच्या माणसांना ते 'किती वाजले' बंद करायला सांगा. माझी माणसं कुणी नव्हती, सगळं गाव आपणहून विचारत होतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, घड्याळ नको. आमच्या घरात ते आलं तर चाळीस वर्षांनी चोरी पुरी झाल्यासारखं होईल. मला दोन वाक्यं पाहिजेत.

आणि मग मी आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला. पाटलांनी 'गैरसमज' सांगितला. मी 'खोटा आळ' सांगितला. ते 'चूक'वर आले. मी म्हटलं, चूक हिशेबात होते, पाठीवर वळ उठवण्याला चूक म्हणत नाहीत. ते म्हणाले, आळ म्हणतो, खोटा सोडा. मी म्हटलं, खोटा ठेवा, त्याच्या बदल्यात मी दगड सोडतो, घड्याळ कुठं पडलं ते बोलू नका. यावर ते बराच वेळ विचार करून हो म्हणाले. मग जागा. ते दुकानात म्हणायला तयार, मी रस्त्यावर म्हणतोय. दाराच्या पायरीवर ठरलं, बाजाराकडं तोंड करून. मग आवाज. समोरच्या मिरचीवाल्याला ऐकू गेला पाहिजे, यावर मी एक पैही उतरलो नाही. वडील मागच्या बाजूला पितळ निवडत बसले होते, त्यांना बोलावून खुर्चीवर बसवलं.

पाटील पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळ आमच्या वडलांकडूनच पडलं होतं. ह्यांनी चोरलं न्हवतं, आमच्या घरानं खोटा आळ घेतला." मिरचीवाल्यानं तराजू धरलेला हात थांबवला. ठरलं होतं तेवढंच बोलले, एक शब्द जास्त नाही, पण कमीही नाही.

मी वडिलांकडं बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "व्हय. दगडाच्या मागं पडलं. मला ठाऊक होतं."

पाटील पायरी उतरता उतरता थांबले. वडील त्यांना समजावल्यासारखं सांगत होते. "मी घोडा धरून उभा होतो, मालक दगडामागं गेले तवा साखळी होती, आले तवा न्हवती."  तीन उन्हाळे, आठ महिने, बॅटऱ्या, जीपचं भाडं, आणि हा म्हातारा सगळा वेळ घरात पितळ निवडत होता. मी ओरडलोच, "मंग बोलला का न्हाई तवा?"

"इचारलं कुणी?" ते म्हणाले. "कुठं लपवलंस, इतकंच इचारायलते. कुठं पडलं, ते कुणी इचारलंच न्हाई." मग म्हणाले, "आन् तू तरी कवा इचारलंस?"

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

हे मेजरला सांगणं भाग होतं. मला वाटलं होतं तो निदान आता कबूल करील की सौद्यानंच काम झालं. त्यानं सौद्याचं नीट ऐकलंही नाही. त्याला एकच ऐकू आलं, की बघितलेला माणूस जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीची पँट, छातीवर पदकं, अशा थाटात आमच्या घरी आला. वही उघडून वडिलांच्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मामा, तुमचं बयान घ्यायचंय."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग टोपी नीट केली. दोन तास चाललं होतं. घोडा दगडापासून किती पावलांवर? तोंड कुणीकडं? ऊन कुठवर आलं होतं? मालकांचा तांब्या कुठल्या हातात? वडील सगळं सांगत होते, थांबून, आठवून, चुकलं तर मागं जाऊन. आईनं चहा आणला तो दोघांनी घेतला नाही. मी दारात उभा होतो. चावडीपुढं बांधलं होतं त्या दिवसापासून त्यांना असं कुणी काही विचारलेलं मी बघितलं नव्हतं, आणि मेजरवरचा माझा राग तेव्हा गेला असं मी म्हणणार नाही, पण मी आत जाऊन बसलो.

शेवटी मेजरनं सगळं वाचून दाखवलं. 'पांढरा घोडा' या शब्दांशी वडिलांनी हात वर केला. घोडा पांढरा नव्हता, ते म्हणाले, पंचकल्याणी होता, चारी पाय आणि कपाळ तेवढं पांढरं. मेजर म्हणाला, त्यानं काही फरक पडत नाही. वडील म्हणाले, पडतो. मेजरनं ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. वडिलांनी ती त्याला दोनदा वाचायला लावली, आणि मग प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर सुटं काढत, केली.